‘पुन्हा ते औषध नको’ म्हणणाऱ्या नवऱ्याविषयी

प्रश्न: माझ्या मिस्टरांना जन्मापासून हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त नीट गोठत नाही, आणि तोही तीव्र प्रकारचा. वय 47. लहानपणी रक्त गोठावं म्हणून घेतलेल्या फॅक्टरच्या इंजेक्शनांमधून त्यांना हिपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हरचा विषाणूमुळे होणारा आजार झाला, हे लग्नाआधीपासून माहीत होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाविरिनच्या गोळ्या सुरू केल्या. ताप, अंगदुखी तर होतीच, पण हे मनाने इतके खचले की रात्र रात्र नुसते बसून राहायचे. पाचव्या महिन्यात औषध बंद करावं लागलं. विषाणू गेला नाही. ‘त्रास नसेल तर थांबू या’ असं तेव्हाचे डॉक्टर म्हणाले आणि त्यानंतर घरात हा विषयच निघाला नाही. आता गुडघा बदलायचं चाललंय. त्यासाठी रक्त तपासलं तर प्लेटलेट कमी निघाल्या. नवे डॉक्टर म्हणतात, आधी हिपॅटायटिसच्या गोळ्यांचा कोर्स करा. हे म्हणतात, मला काही होत नाही, पुन्हा ते औषध नको, आणि गोळ्यांनी ब्लीड वाढलं तर? ते रोज अ‍ॅसिडिटीची गोळी घेतात, सांधेदुखीसाठी अधूनमधून झाडपाल्याचं औषधही. मला आणि आमच्या चौदा वर्षांच्या मुलीला यातून काही झालं असेल का, हीही धास्ती आहे. त्यांना कसं समजावू?

उत्तर: तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द तुम्ही जाता जाता लिहिला आहे: प्लेटलेट. हिमोफिलियामुळे प्लेटलेट कमी होत नाहीत. तिथे उणीव असते ती फॅक्टर आठची किंवा नऊची. त्यामुळे ज्याच्या अंगात हिपॅटायटिस सी अनेक वर्षं मुक्काम ठोकून आहे, त्याच्या प्लेटलेट उतरल्या की पहिला संशय लिव्हरवर घ्यायचा असतो. लिव्हर कडक होत गेलं की त्यातून जाणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही, मागे पाणथरीवर दाब येतो, ती फुगते आणि प्लेटलेट तिच्यातच अडकून पडतात. शिवाय प्लेटलेट तयार करण्याचा निरोप देणारं संप्रेरक मुख्यतः लिव्हरच बनवतं, तेही कमी पडू लागतं. प्लेटलेट घटण्याची इतर कारणंही असतात, त्यामुळे एवढ्यावरून सिरोसिसचा, म्हणजे लिव्हर कायमचं कडक झाल्याचा, शिक्का मारू नका. पण ‘मला काही होत नाही’ या वाक्यावरही आता विसंबू नका.

त्यांच्या रिपोर्टमध्ये आणखी एक आकडा शोधा: पीटी-आयएनआर. पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजण्याच्या दोन तपासण्या. हिमोफिलियात एपीटीटी लांबते, पीटी सहसा ठीक असते. पीटीसुद्धा लांबलेली असेल, तर ‘हिमोफिलियाच आहे, रक्त गोठायला वेळ लागणारच’ असं म्हणून कोणी ती बाजूला ठेवू नये, तीही लिव्हरकडे बोट दाखवत असू शकते. ही चूक सहज होते, कारण हिमोफिलियाच्या माणसाचा गोठण्याचा रिपोर्ट बिघडलेला असणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं.

‘काही होत नाही’ हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. हा आजार तसाच आहे. विषाणू अंगात गेलेल्या शंभरातल्या साधारण 15 ते 45 जणांमध्ये तो सहा महिन्यांत आपोआप निघून जातो, बाकीच्यांमध्ये ठाण मांडतो. ठाण मांडलेल्यांपैकी 15 ते 30 टक्के लोकांचं लिव्हर वीस वर्षांत सिरोसिसपर्यंत जाण्याचा धोका असतो आणि तिथवर पोचेपर्यंत बऱ्याच जणांना थोडा थकवा सोडला तर काहीही जाणवत नाही. तुमच्या मिस्टरांना संसर्ग लहानपणी झाला असेल, तर वीस नव्हे, चाळीसच्या आसपास वर्षं झाली आहेत. आणि हिमोफिलियाच्या माणसाला सिरोसिस इतरांपेक्षा महाग पडतो. सिरोसिसमध्ये अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि कधी फुटतात. ज्याचं रक्त मुळातच नीट गोठत नाही आणि वर प्लेटलेटही कमी आहेत, त्याच्यावर ही वेळ येऊ द्यायची नसते.

आता ‘थांबू या’ म्हणणाऱ्या डॉक्टरांबद्दल. त्यांच्यावर रागावू नका, त्या वेळी तो सल्ला बरोबर होता. आठवड्याला एक इंजेक्शन आणि रोज रिबाविरिन असा तो उपचार 24 ते 48 आठवडे चालायचा. जीनोटाइप म्हणजे विषाणूचा उपप्रकार. जीनोटाइप 1 असलेल्यांत एवढं सोसूनही निम्म्या लोकांचाच विषाणू जायचा, बहुधा निम्म्याहून कमी लोकांचा. इंटरफेरॉन विषाणूवर थेट वार करत नाही, शरीराच्या प्रतिकारशक्तीला चिथावतं. ताप, कणकण, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरणं, हे सगळं त्यातूनच यायचं. नैराश्य तर त्याचा इतका ओळखीचा दुष्परिणाम होता की आधीच खचलेल्या माणसाला ते औषध देताना डॉक्टर दहादा विचार करायचे. तुमचे मिस्टर रात्री बसून राहायचे, तो त्यांचा कमकुवतपणा नव्हता. तो औषधाचा परिणाम होता. हे त्यांना कोणी स्पष्ट शब्दांत सांगितलं नसेल, तर तुम्ही सांगा. सोळा वर्षं माणूस मनात धरून बसतो, ‘मला ते झेपलं नाही’.

त्यानंतर मात्र चित्र पार पालटलं. 2013च्या अखेरीस सोफोसबुविर आलं, पुढच्या काही वर्षांत त्याच्या जोडीला लेडिपासविर, डॅक्लाटासविर, वेल्पाटासविर आली, 2017मध्ये ग्लेकाप्रेविर-पिब्रेंटासविर ही वेगळी जोडी आली. विषाणूला स्वतःच्या प्रती काढण्यासाठी जी प्रथिनं लागतात, त्यांनाच ही औषधं अडवतात. प्रतिकारशक्तीला चिथावणं नाही, त्यामुळे इंटरफेरॉनचा तो ताप नाही आणि मनाची ती पडझडही नाही. नुसत्या गोळ्या, बहुतेकांना 12 आठवडे, काहींना 8. शंभरातल्या 95हून अधिक जणांचा विषाणू कायमचा जातो. डोकेदुखी, थकवा, थोडी मळमळ, एवढ्यावर बहुतेकांचं निभावतं. पूर्वी इंटरफेरॉन निकामी ठरलेल्यांनाही ही औषधं लागू पडतात. काही जीनोटाइपमध्ये किंवा लिव्हर जास्त बिघडलेलं असेल तर मुदत वाढवतात किंवा रिबाविरिन जोडतात. रिबाविरिन जोडायचं ठरलं तर त्याने हिमोग्लोबिन उतरू शकतं आणि पोटातल्या बाळाला ते घातक असतं. औषध नवऱ्याने घेतलं तरी तेवढा काळ आणि त्यानंतर सहा महिने दिवस राहू द्यायचे नसतात, हे ध्यानात असू द्या.

हिमोफिलियाच्या लोकांना यातली एक गोष्ट खास उपयोगाची आहे. एकेकाळी फॅक्टर हजारो दात्यांचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, एकत्र करून बनायचा. 1980च्या दशकाच्या मध्यावर तो उष्णता देऊन किंवा रसायनांनी निर्जंतुक करायला सुरुवात झाली. त्याआधी ज्यांनी तो घेतला, त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना हा संसर्ग झाला, आणि काहींना तर एकाहून अधिक जीनोटाइपचा. विषाणूची ओळख पटली 1989मध्ये. तोवर डॉक्टर त्याला ‘नॉन-ए नॉन-बी’ म्हणत, म्हणजे काय नाही एवढंच ठाऊक होतं. सोफोसबुविर-वेल्पाटासविर किंवा ग्लेकाप्रेविर-पिब्रेंटासविर या जोड्या सगळ्या जीनोटाइपवर चालतात, म्हणून त्या मिश्रणाची चिंता आता बरीच कमी झाली आहे.

ब्लीड वाढेल का, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हिमोफिलियाच्या लोकांच्या मनात ही भीती आली त्याला कारण आहे. 1996च्या सुमारास एचआयव्हीची प्रोटिएज इनहिबिटर, म्हणजे विषाणूचं प्रोटिएज हे प्रथिन अडवणारी, औषधं घेणाऱ्या हिमोफिलियाच्या काही रुग्णांमध्ये अचानक रक्तस्राव वाढल्याचं दिसलं होतं. हिपॅटायटिस सीच्या काही गोळ्यांतही प्रोटिएज इनहिबिटर असतं, त्यामुळे नाव ऐकूनच माणूस दचकतो. पण ही औषधं वेगळी आहेत, वेगळ्या विषाणूच्या वेगळ्या प्रथिनावर काम करतात. हिमोफिलिया आणि तत्सम आजारांच्या लोकांवर त्यांचे स्वतंत्र अभ्यासही झाले आहेत. त्यांत रक्तस्राव वाढल्याचं दिसलं नाही आणि बरं होण्याचं प्रमाण इतरांइतकंच चांगलं निघालं. ते फॅक्टर घेत असोत की एमिसिझुमॅब हे ब्लीड टाळणारं इंजेक्शन, ते नेहमीसारखं चालू ठेवायचं. नेहमीपेक्षा जास्त ब्लीड झालेच तर ते लिहून ठेवा आणि कळवा, पण गोळ्या मनाने बंद करू नका.

गोळ्या सुरू होण्याआधी लिव्हर किती बिघडलंय हे कळायला हवं. पूर्वी यासाठी बायोप्सी करायची म्हणजे हिमोफिलियाच्या माणसाच्या पोटात गोळा यायचा. आधी फॅक्टर चढवायचा, पुष्कळदा मानेतल्या शिरेतून सुई नेऊन तुकडा घ्यायचा, आणि नंतर लक्ष ठेवत बसायचं. आता फायब्रोस्कॅन असतो. सुई नाही, रक्त नाही, बरगड्यांवर एक यंत्र टेकवून लिव्हरचा कडकपणा मोजतात. तीनेक तास उपाशी राहायचं, बस्स. त्याच्याही आधी एक अंदाज तुमच्या हातातल्या कागदांवरूनच येतो. एफआयबी-4 नावाचा हिशोब आहे, त्यात वय, एएसटी आणि एएलटी हे लिव्हरच्या रक्ततपासणीतले दोन आकडे आणि प्लेटलेट एवढंच लागतं. उत्तर 3.25च्या वर गेलं तर लिव्हरमध्ये बरीच घट्ट जाळी पडली असण्याची शक्यता मोठी असते, 1.45च्या खाली असेल तर ती कमी. फायब्रोस्कॅनमध्ये 12.5 किलोपास्कलच्या वरचा आकडा बहुधा सिरोसिस सुचवतो.

सिरोसिस निघाला तर औषधाची निवड बदलू शकते. लिव्हरचं काम ढासळून पोटात पाणी झालं असेल किंवा कावीळ दिसत असेल, तर प्रोटिएज इनहिबिटर असलेल्या गोळ्या देत नाहीत. अन्ननलिकेतल्या शिरा पाहायला एंडोस्कोपी करायला सांगतील. तिची तारीख रक्तविकारतज्ज्ञांना आधी कळली पाहिजे, म्हणजे फॅक्टर किती आणि कधी द्यायचा ते ठरवता येईल. माझं ठाम मत आहे की या सगळ्या प्रकरणात धोका गोळ्यांचा कमी आणि दोन डॉक्टरांनी एकमेकांशी न बोलण्याचा जास्त असतो. लिव्हरवाले फॅक्टरचा विचार करत नाहीत, हिमोफिलियावाले लिव्हर ‘त्यांच्याकडे’ सोपवून मोकळे होतात. दोघांचे फोन नंबर एकमेकांना मिळवून द्यायचं काम नाइलाजाने घरच्यांनाच करावं लागतं. ते तुम्ही करा.

हिपॅटायटिस बीची तपासणी झाल्याशिवाय पहिली गोळी घेऊ देऊ नका. एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या त्याच्या रक्ततपासण्या, दोन्ही. सी निघून गेल्यावर आतवर दबून बसलेला बी उसळल्याची उदाहरणं आहेत, काही जीवघेणी. 2016मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या सगळ्या गोळ्यांवर तसा ठळक इशारा छापायला लावला. ज्यांनी जुने प्लाझ्माचे फॅक्टर घेतले, त्यांचा बीशी संबंध आलेला असणं अगदी शक्य आहे. एचआयव्हीची तपासणीही पूर्वी झाली नसेल तर करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तरी या गोळ्या घेता येतात, फक्त दोन्हीकडची औषधं एकमेकांशी जुळवून निवडावी लागतात.

त्यांची रोजची अ‍ॅसिडिटीची गोळी दिसते साधी, पण इथे ती आडवी येते. वेल्पाटासविर आणि लेडिपासविर अंगात शोषलं जायला पोटातलं आम्ल लागतं. ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांनी ते आम्ल दाबून टाकलं की औषध पुरेसं रक्तात उतरतच नाही. कोर्सपुरती ती बंद करता येईल का, की वेळ आणि मात्रा बदलायची, की दुसरी जोडी निवडायची, हे डॉक्टर ठरवतील, पण ती घेतात हे त्यांना कळलं तर. नुसतं अँटासिड असेल तर वेल्पाटासविरच्या आधी-नंतर चार तास सोडायचे. हृदयाचे ठोके सांभाळणारं अमायोडॅरोन, फिट्सवरचं फेनिटोइन किंवा कार्बामॅझेपाइन, क्षयावरचं रिफाम्पिसिन यांचं या गोळ्यांशी वाकडं आहे. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचंही पाहावं लागतं. झाडपाल्याचं औषध मी सरळ बंद करायला सांगेन. त्यात नेमकं काय आहे हे कोणालाच माहीत नसतं, काही वनस्पती या औषधांचा परिणाम उतरवतात आणि काही स्वतःच लिव्हरला इजा करतात. सांध्याच्या दुखण्यावर अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पॅरासिटामॉल चालतं, पण लिव्हर बिघडलेलं असेल तर दिवसाला दोन ग्रॅमच्या आत. दारू घेत असतील तर ती बंद, यात घासाघीस नाही.

गुडघ्याचं म्हणाल, तर नव्या डॉक्टरांचं मला पटतं. ऑपरेशन निकडीचं नसेल तर आधी लिव्हरची अवस्था कळू द्या आणि कोर्स उरकू द्या. भूल, रक्तस्राव, जखम भरणं, तिन्ही गोष्टी लिव्हरवर अवलंबून आहेत. पुढेमागे हिमोफिलियाची जीन थेरपी घ्यायचा विचार झाला तर तिथेही हेच आडवं येतं. ती लिव्हरच्या पेशींनाच फॅक्टर बनवायला लावते, म्हणून हिपॅटायटिस सी चालू असलेल्या माणसाला ती देत नाहीत.

कोर्स संपल्यावर 12 आठवड्यांनी रक्तात विषाणूचा आरएनए, म्हणजे खुद्द विषाणूचा अंश, तपासतात. तो सापडला नाही तर आजार बरा झाला, हा शब्द डॉक्टर इथे बेधडक वापरतात. मात्र त्यानंतर कुठे अँटीबॉडी तपासली तर ती पॉझिटिव्हच येईल, बहुधा जन्मभर. जखम भरली तरी व्रण राहतो, तसं ते आहे. तो रिपोर्ट पाहून पुन्हा घाबरू नका आणि आरएनएचा निगेटिव्ह रिपोर्ट जपून ठेवा, ऑपरेशनच्या वेळी हमखास विचारतात. अँटीबॉडी असली तरी संरक्षण मिळत नाही, संसर्ग पुन्हा होऊ शकतो. आणि सिरोसिस किंवा त्याच्या जवळपासची अवस्था निघाली असेल, तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही, कारण लिव्हरच्या कॅन्सरचा धोका उतरतो खरा, पण शून्य होत नाही. माणसं गाफील राहतात ती नेमकी इथेच.

आता त्यांना समजावण्याचं. बारा आठवड्यांच्या कोर्ससाठी होकार मागूच नका. आधी फक्त फायब्रोस्कॅनपुरता मागा. त्यात सुई नाही, औषध नाही, नकार द्यायला कारण उरत नाही. आकडा समोर आला की पुढचं बोलणं ते स्वतःच डॉक्टरांशी करतील. त्या भेटीत इंटरफेरॉनच्या वेळी मनाची काय अवस्था झाली होती ते त्यांनी डॉक्टरांना सांगावं, त्यांना जमत नसेल तर तुम्ही सांगा. या गोळ्या तसं करत नाहीत, पण त्या आठवणीची भीती कोर्सभर सोबत असणार आणि डॉक्टरांना ती माहीत असलेली बरी. आणि पत्रात तुम्ही लिहिलं नाही, तरी घरात हा विषय इतकी वर्षं बंद होता यावरून मला वाटतं की त्यामागे थोडी लाजही असावी. हिपॅटायटिस सी म्हटलं की लोक भलतेसलते तर्क लढवतात. ब्रिटनमध्ये दूषित रक्ताच्या प्रकरणाची सार्वजनिक चौकशी झाली. मे 2024मध्ये तिच्या अंतिम अहवालाने हा अपघात नव्हता, असा स्पष्ट निष्कर्ष काढला आणि तिथल्या सरकारने जाहीर माफी मागितली. देश कुठलाही असो, आजारावरचं औषध म्हणून जे टोचलं गेलं त्यातून आलेल्या विषाणूची लाज त्या मुलाने का बाळगावी?

तुमच्या धास्तीचं उत्तर एका साध्या रक्ततपासणीत आहे. नवरा-बायकोच्या संबंधांतून हा विषाणू पसरण्याची शक्यता फार थोडी असते. एका ताटात जेवणं, मिठी, खोकला यांतून तो पसरत नाही. रक्तातून पसरतो. म्हणून रेझर, टूथब्रश, नेलकटर वेगळे ठेवा. फॅक्टर घरी टोचताना तुम्ही मदत करत असाल तर हातमोजे घाला, वापरलेली सुई पुन्हा टोपणात घालू नका, लगेच जाड डब्यात टाका. तुम्ही एकदा अँटीबॉडी तपासून घ्या. तुमची निगेटिव्ह आली तर मुलीला जन्मावेळी संसर्ग होण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण बाळाला तो होतो तो आईकडून. तिचं रक्त मनाच्या समाधानासाठी तपासायचं तर तपासा.

मुलीची तपासणी मी सांगेन ती वेगळ्याच कारणासाठी. हिमोफिलिया असलेल्या बापाची प्रत्येक मुलगी वाहक असते, आणि ‘वाहक म्हणजे तिला काही नाही’ हे अर्धंच खरं आहे. काही वाहक मुलींची फॅक्टर आठची पातळी इतकी कमी असते की त्यांना स्वतःलाच सौम्य हिमोफिलिया असतो. एकदा तिची पातळी मोजून घ्या. दात काढायचा असेल किंवा काही ऑपरेशन असेल तर त्याआधी नक्कीच, आणि पाळीत खूप जात असेल किंवा आठवडाभराहून जास्त दिवस जात असेल तर लगेच.